विश्लेषण : नवी बॅटरी टाकूनही जुनी स्पोर्ट्स कार सुरू का होत नाही? आकडा न मोजण्याची किंमत

गाडीची चावी फिरवली, नुसताच ‘टक्’ आवाज आला आणि पुढे काही नाही, की निदान पाच मिनिटांत होते. ‘बॅटरी गेली, बदलून टाका.’ नवी बॅटरी बसते, सेल्फ एका दमात फिरतो, पैसे दिले जातात. आठवड्याभराने पुन्हा तोच ‘टक्’. मग बॅटरीच सदोष निघाली असे ठरते, ती वॉरंटीत बदलून मिळते आणि आणखी एक आठवडा जातो. पंचवीस-तीस वर्षे जुन्या स्पोर्ट्स कारच्या मालकांना हे चक्र चांगलेच ओळखीचे आहे. या गाड्या रविवारी बाहेर निघतात आणि उरलेले सहा दिवस कव्हरखाली उभ्या असतात. रोज चालणाऱ्या गाडीत वर्षानुवर्षे लपून राहणारा दोष इथे चार दिवसांत उघडा पडतो.

अशा गाडीत दुसरी बॅटरी टाकण्याआधी एक आकडा मागायलाच हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. गाडी बंद, दारे बंद, चावी खिशात, अशा अवस्थेत बॅटरीतून किती करंट बाहेर जातो? तो मोजायला लागणारे मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळते. मोजायला तासभर पुरतो. तरीही बहुतेक वेळा तो मोजला जात नाही आणि त्यामागचे कारण तांत्रिक नाही. त्याकडे नंतर येऊ.

बंद गाडीत वीज कोण खाते?

बंद गाडी पूर्ण बंद कधीच नसते. घड्याळ चालू असते, रेडिओ आपली स्टेशने लक्षात ठेवत असतो, इंजिनाचा कॉम्प्युटर शिकलेल्या गोष्टी जपत असतो, रिमोटची कुलपे सिग्नलची वाट पाहत असतात. फोन खिशात असतानाही त्याची बॅटरी थोडी थोडी उतरते, तसेच हे. फरक एवढाच की, फोनच्या सेटिंगमध्ये कोणते अॅप किती बॅटरी खाते याची यादी मिळते. १९९० च्या दशकातल्या गाडीत अशी यादी नाही. ती आपल्यालाच बनवावी लागते.

सर्वसाधारण गाडीत सगळी यंत्रणा झोपल्यावर ५० मिलिअॅम्पिअरपर्यंतचा करंट सामान्य धरला जातो. जुन्या, साध्या गाडीत तो २० च्या आसपासही असतो. आता हिशेब करा. ५० मिलिअॅम्पिअर म्हणजे दिवसाला १.२ अॅम्पिअर-तास. ४५ अॅम्पिअर-तासांची बॅटरी या वेगाने निम्मी व्हायला अडीच-तीन आठवडे लागतात. म्हणजे महिन्यातून एकदा चालणारी गाडी कोणताही दोष नसतानाही बंद पडू शकते. अशा गाडीत चोर शोधण्यात अर्थ नाही. तिला चार्जर हवा, किंवा तिची चक्कर वाढवायला हवी.

आता दुसरा आकडा घ्या. डिकीतला पाच वॅटचा दिवा झाकण लावल्यावरही जळत राहिला, तर तो सुमारे ०.४ अॅम्पिअर खातो. दिवसाला जवळपास १० अॅम्पिअर-तास. तीच बॅटरी अडीच दिवसांत निम्मी होते. पाच दिवसांनी तुम्ही चावी फिरवता तेव्हा तो दिवाही विझलेला असतो, त्यामुळे पुरावाही शिल्लक राहत नाही.

म्हणून आकडा आधी. ३० आला तर एक रस्ता, ३०० आला तर दुसरा. आकड्याशिवाय दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात आणि दोघींनाही नवी बॅटरी मिळते.

पण बॅटरी तपासली तेव्हा ती खरोखरच खराब निघाली, त्याचे काय?

निघणारच. शिसे-आम्लाच्या बॅटरीची गंमत अशी की, ती उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवरचे लेड सल्फेट कडक स्फटिकांत बदलते आणि मग चार्जिंगला पूर्वीसारखी दाद देत नाही. पूर्ण चार्ज बॅटरी स्थिर अवस्थेत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली गेली की तिची अवस्था वाईट. असे पाच-सात वेळा पूर्ण उतरून ‘जंप’ घेतलेली बॅटरी लोड टेस्टरवर नापास होते, मग ती दोन महिन्यांची असली तरी. त्यात भर म्हणजे जंप देऊन वीस मिनिटे फेरफटका मारला की बॅटरी भरली, असा आपल्याकडे ठाम समज आहे. तळाला गेलेल्या बॅटरीला पुन्हा भरायला चार्जरवर कित्येक तास लागतात. वीस मिनिटांत ती फक्त पुढच्या एक-दोन सेल्फपुरती सावरते.

थोडक्यात, ‘बॅटरी खराब आहे’ हे निदान खोटे नसते. ती खराब कशाने झाली, एवढेच त्यात सांगितलेले नसते.

करंट मोजायचा कसा?

कृती सोपी आहे, पण तिच्यात तीन-चार जागी हमखास गडबड होते, म्हणून थोडे सविस्तर.

आधी बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घ्यावी. उतरलेल्या बॅटरीवर घेतलेला आकडा फसवा असतो. रेडिओला कोड लागत असेल तर तो हाताशी आहे का, हे आधीच बघावे. त्या काळातले अनेक रेडिओ वीज तुटली की कोड मागतात आणि तो कागद पहिल्या मालकाच्या कपाटात असतो. गाडीचे दार उघडे ठेवून काम करायचे असेल, तर दाराच्या कुलपाची जीभ स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करावी, म्हणजे गाडीला दार लागले आहे असे वाटते. बोनेट किंवा डिकीलाही हीच युक्ती.

मग मल्टिमीटरची लाल वायर १० अॅम्पिअरच्या भोकात, डायल डीसी अॅम्पिअरवर. दहा नंबरच्या पान्याने बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सैल करायचे आणि मीटर बॅटरीचा निगेटिव्ह खांब व सुटलेली केबल यांच्या मधोमध जोडायचे. पाण्याच्या नळात मीटर बसवतात तसे. अॅम्पिअरवर लावलेले मीटर बॅटरीच्या दोन टोकांना कधीही लावू नये, तो थेट शॉर्ट सर्किट होतो. आणि मीटर जोडलेले असताना चावी फिरवू नये. सेल्फ शंभर अॅम्पिअरहून जास्त ओढतो. मीटरमधला फ्यूज तत्क्षणी उडतो आणि मग मीटर शून्य दाखवत राहते. त्या शून्याकडे पाहून ‘गाडीत काही लीक नाही’ असे सांगणारेही भेटतात.

दुसरी गोम म्हणजे केबल सुटली आणि पुन्हा जोडली गेली की गाडीतली इलेक्ट्रॉनिक उपकरणे जागी होतात. सुरुवातीला मीटरवर दोन-चार अॅम्पिअरही दिसतील. घाबरायचे कारण नाही, थांबायचे. १९९० च्या आसपासची साधी गाडी मिनिटा-दोन मिनिटांत शांत होते. १९९० च्या दशकाच्या शेवटापासून गाड्यांत कॉम्प्युटरांची संख्या वाढली. अशा गाडीला झोपायला वीस ते चाळीस मिनिटे लागू शकतात. निम्मी चुकीची निदाने या न थांबण्यातून होतात, असा माझा अंदाज आहे. मीटर जोडायचे, चहा घ्यायचा, मग आकडा वाचायचा.

आकडा जास्त आला तर शोध सुरू होतो. जुनी पद्धत म्हणजे एकेक फ्यूज उपटायचा आणि कोणता काढल्यावर आकडा पडतो ते बघायचे. नव्या पद्धतीत फ्यूज काढत नाहीत. प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर दोन उघडे धातूचे ठिपके असतात, त्यांवर मीटर मिलिव्होल्टवर लावायचे. फ्यूज हीसुद्धा एक तारच, तिला अल्पसा रोध असतो. १० अॅम्पिअरच्या फ्यूजचा रोध साधारण ७-८ मिलिओहम. त्यावर दोन मिलिव्होल्ट दिसले, तर त्यातून पाव अॅम्पिअरच्या आसपास करंट वाहतो आहे. शून्य दिसले तर तो फ्यूज निर्दोष. काहीही उपटले नसल्याने झोपलेली गाडी झोपलेलीच राहते. शाळेतला ओहमचा नियम रोजच्या जगण्यात इतका थेट उपयोगी पडल्याचे दुसरे उदाहरण मला तरी चटकन आठवत नाही.

फोनचाही उपयोग आहे. डिकीतला दिवा विझतो का, हे बघायला फोनवर व्हिडीओ रेकॉर्डिंग सुरू करायचे, फोन डिकीत ठेवायचा, झाकण लावायचे आणि अर्ध्या मिनिटाने काढून बघायचे. ग्लोव्ह बॉक्सलाही हेच.

एक प्रत्यक्ष उदाहरण : न्यू जर्सीतली माझदा एमएक्स-५

माझा कॉलेजातला एक मित्र न्यू जर्सीत असतो. त्याने पहिल्या पिढीची, म्हणजे उघडझाप करणाऱ्या हेडलाइटची माझदा एमएक्स-५ जुन्यात घेतली. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात आलेली ही दोन आसनी, उघड्या टपाची छोटी गाडी. पहिली पिढी १९९७ पर्यंत चालली. हेडलाइट वर आले की बेडकासारखी दिसते. तिची बॅटरी बोनेटखाली नसून डिकीत असते आणि आकारानेही लहान, जेमतेम ३० अॅम्पिअर-तासांच्या आसपासची. बॅटरी सामानाच्या जागेत असल्याने मूळ बॅटरी सीलबंद, वायू नळीने बाहेर सोडणारी दिलेली होती. अनेक मालक तिच्या जागी साधी स्वस्त बॅटरी टाकतात आणि तिच्या आम्लाच्या वाफांनी डिकीचा पत्रा गंजतो. हे विषयाला सोडून झाले, पण जुनी एमएक्स-५ घेणाऱ्याने डिकीतला गालिचा उचलून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

तर ही गाडी दर चार दिवसांनी बंद पडत होती. तिथल्या एका वर्कशॉपने तीन महिन्यांत दोन बॅटऱ्या बदलल्या. पहिली विकत, दुसरी वॉरंटीत. बिलावर सगळे रीतसर होते. बॅटरी नापास, अल्टरनेटर १४.२ व्होल्ट देतो, पास. दोन्ही नोंदी खऱ्या होत्या. गाडी उभी असताना काय होते, ही तिसरी नोंद नव्हती.

तो व्हिडीओ कॉलवर मीटर धरून बसला. गाडी झोपल्यावर आकडा आला ०.३४ अॅम्पिअर. दिवसाला आठ अॅम्पिअर-तासांहून थोडा जास्त. ३० च्या बॅटरीला भागले की चार दिवसांचे गणित बरोबर जुळते. म्हणजे बॅटरी निर्दोष होती, ती मोजून मापून मारली जात होती.

मग फ्यूजच्या पेटीवर मिलिव्होल्ट मोजायला घेतले आणि इथे प्रकरण रंगले. एकाही फ्यूजवर दखल घ्यावी असे काही दिसेना. ०.३४ अॅम्पिअर बाहेर तर जातोय, पण पेटीतून जात नाही. याचा अर्थ दोनच. एक तर अल्टरनेटर, कारण त्याची जाड वायर गाडीच्या छोट्या फ्यूजना वळसा घालून बॅटरीकडे जाते. किंवा नंतर कुणीतरी थेट बॅटरीवर जोडलेली वायर.

“बॅटरीच्या प्लसवर किती वायरी आहेत, मोज.”

“दोन. एक जाड काळी. आणि एक लाल, हिच्यावर छोटा फ्यूज आहे मध्येच. गालिच्याखाली जातेय.”

लाल वायर डिकीतच दडवलेल्या एका अॅम्प्लिफायरकडे जात होती. आधीच्या मालकाने बसवलेला. मित्राचे म्हणणे, रेडिओ बंद असताना अॅम्प्लिफायर कसा चालू राहील? त्याला हात लावून बघायला सांगितले. थंडीचे दिवस, गॅरेजमध्ये बाकी सगळे धातू गारठलेले आणि तो डबा किंचित कोमट. ०.३ अॅम्पिअर म्हणजे चारेक वॅट. तेवढी ऊब हाताला कळते. लाल वायरीवरचा फ्यूज काढताच मीटर ०.०२ वर आले.

गोष्ट इथे संपवता आली असती, पण अॅम्प्लिफायर जागा का, हा प्रश्न राहतोच. अॅम्प्लिफायरला वीज बॅटरीतून थेट मिळते, पण ‘जागा हो’ हा हुकूम रेडिओकडून एका बारीक निळ्या वायरीने येतो. बाजारातल्या रेडिओंना सहसा तीन महत्त्वाच्या वायरी असतात. पिवळी कायम चालू, लाल चावीसोबत चालू आणि निळी अॅम्प्लिफायरला उठवणारी. मित्राने लाल वायरीवरचा फ्यूज परत लावला आणि आता केबिनमधला रेडिओचा फ्यूज काढला. मीटर पुन्हा खाली. म्हणजे दोन वेगवेगळे फ्यूज काढल्यावर तोच दोष जात होता. एका फ्यूजमधून करंट वाहत होता, दुसऱ्यातून फक्त हुकूम. रेडिओ बाहेर ओढून मागे बघितले तर अॅम्प्लिफायरची हुकमाची वायर निळीला न जोडता पिवळीला पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली होती. बसवणाऱ्याचे पाच मिनिटांचे काम वाचले होते.

हे तपशील सांगण्यामागे कारण आहे. फक्त फ्यूज उपटत गेलेला माणूस रेडिओच्या फ्यूजवर थांबला असता आणि रेडिओ बदलून मोकळा झाला असता. नव्या रेडिओमागेही तीच पिळलेली वायर राहिली असती. फक्त मिलिव्होल्ट बघणारा ‘सगळे फ्यूज ठीक आहेत’ म्हणून परतला असता. दोन्ही पद्धतींची उत्तरे वेगळी आली आणि त्या वेगळेपणातच खरे उत्तर होते. वायर निळीला जोडल्यावर गाडी तीन आठवडे उभी होती आणि एका सेल्फमध्ये सुरू झाली. खर्च शून्य. त्याआधीच्या दोन बॅटऱ्यांचे बिल वेगळे.

अल्टरनेटर गाडी बंद असताना वीज खातो?

खाऊ शकतो. अल्टरनेटर आतून एसी वीज तयार करतो आणि आतले डायोड तिला एकाच दिशेने बॅटरीकडे पाठवतात. डायोड म्हणजे एकमार्गी दरवाजा. तो गळका झाला की गाडी बंद असताना बॅटरीतली वीज उलट अल्टरनेटरमध्ये पाझरते. सगळे फ्यूज काढूनही आकडा हलत नसेल तर संशय इथेच घ्यावा. बॅटरी सोडवून अल्टरनेटरची जाड वायर काढायची, तिचे टोक नीट गुंडाळायचे, मग पुन्हा मोजायचे. आकडा पडला तर निकाल लागला. चिकटलेला रिले हा आणखी एक नेहमीचा संशयित. तो ओळखायला मीटरही लागत नाही. रात्रभर उभ्या गाडीत एखादा रिले हाताला कोमट लागला, तर तो कामावर आहे.

त्यानंतरच्या पिढीतल्या गाड्यांत हा खेळ आणखी अवघड होतो. २००५ च्या सुमाराच्या पोर्शे बॉक्सटर किंवा ९११ मध्ये बॅटरी पुढच्या झाकणाखाली असते आणि ते झाकण विजेवर उघडते. बॅटरी पूर्ण उतरली की बॅटरीपर्यंत पोहोचायलाच वीज लागते. त्यासाठी फ्यूजच्या पेटीत एक बाहेर ओढता येणारे टर्मिनल दिले आहे. त्याला बाहेरून दुसरी बॅटरी जोडायची आणि मग झाकण उघडायचे. घराची किल्ली घरातच ठेवून कुलूप लावण्याची ही जर्मन आवृत्ती म्हणायला हवी. अशा गाडीच्या मालकाने ही जागा गाडी सुरू असतानाच शोधून ठेवावी.

मग मोजले का जात नाही?

कारण मोजण्याचे बिल होत नाही. अमेरिकेत निदानाचे वेगळे पैसे तासाच्या दराने घेण्याची पद्धत आहे. तरीही वरच्या उदाहरणात बॅटरीच आधी बदलली गेली, कारण ते लवकर होते आणि चाचणीचा कागद त्याला दुजोरा देतो. आपल्याकडे तर ‘नुसते बघायचे कसले पैसे?’ हा प्रश्न आपण ग्राहकच विचारतो. गल्लीतला ऑटो इलेक्ट्रिशियन दीड तास पाठ मोडून डॅशबोर्डखाली पिळलेली वायर शोधतो, चिकटपट्टी लावतो आणि आपण त्याच्या हातावर चहापाण्याएवढे पैसे ठेवतो. तोच माणूस दहा मिनिटांत बॅटरी बदलून देतो तेव्हा काही हजारांचे बिल आपण विनातक्रार भरतो. त्याने काय शिकावे?

त्याची बाजूही आहे. काही दोष येतात-जातात. रिले गरम झाल्यावरच चिकटतो, दिव्याचे बटण ओलाव्यात अडकते. दिवसभर मीटर लावूनही आकडा शुद्ध २० येऊ शकतो. असा दिवस वाया गेला तर पैसे कोण देणार? ही अडचण खरी आहे. पण त्यावर उपाय बॅटरी विकणे हा नव्हे. तासाचा दर आधी ठरवावा, दोन तासांची मर्यादा घालावी आणि दोष सापडो न सापडो, ते पैसे द्यावेत. बदल्यात जॉब कार्डावर गाडी झोपल्यावरचा आकडा लिहून घ्यावा. ज्या गॅरेजला तो आकडा लिहायला अडचण वाटते, तिथे बॅटरी बदलण्याची घाई करू नये.

हा प्रश्न केवळ हौशी लोकांच्या खिशाचा नाही. गाडीच्या बॅटरीच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसे असते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी गोळा करून अधिकृत पुनर्प्रक्रियेला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. पण सगळ्या बॅटऱ्या त्या वाटेने जातात असे नाही. उघड्यावर वितळवलेले शिसे हवेत आणि मातीत जाते आणि त्याचा सर्वात वाईट परिणाम लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर होतो. निष्कारण मारलेल्या प्रत्येक बॅटरीचा हा उरलेला प्रवास आहे.

तुमच्याकडे स्पोर्ट्स कार नसेल तर?

हिशेब तोच, फक्त चोर वेगळे. डॅशकॅमचा पार्किंग मोड, कर्जावर घेतलेल्या गाडीत बसवलेला जीपीएस ट्रॅकर, बंद केल्यावरही अर्धवट झोपणारा स्वस्त अँड्रॉइड स्टिरिओ, ‘डायरेक्ट’ जोडलेले एलईडी दिवे. पुण्या-मुंबईत आठवडाभर लोकल-मेट्रोने जाणारे आणि गाडी फक्त शनिवारी काढणारे अनेक जण आहेत. त्यांची हॅचबॅक या हिशेबात स्पोर्ट्स कारच. अॅक्सेसरी बसवताना ‘वायर कुठून घेतली?’ एवढा एक प्रश्न विचारला, तरी पुढचे बरेच काही टळते.

बॅटरीला खटका बसवणे हा उपाय हल्ली सर्रास सुचवला जातो. निगेटिव्हवर स्विच, उभी करताना फिरवून टाकायचा. स्वस्त आहे, काम करतो. पण पिळलेली वायर तशीच राहते, आणि जी वायर चुकीच्या जागी जोडली आहे ती नीट गुंडाळलेली असेलच याची खात्री नाही. त्यातून पुढे फक्त बॅटरी उतरण्यावर भागेल असे नाही. बॅटरी मेंटेनरचे, म्हणजे कायम हळूहळू भरत राहणाऱ्या चार्जरचेही तेच. अॅम्पिअरभर देणारा मेंटेनर ०.३ अॅम्पिअरची गळती सहज झाकून टाकतो आणि मालकाला वाटते गाडी ठणठणीत आहे. ज्या गाडीचा झोपेतला आकडा आधी मोजलेला आहे आणि ५० च्या आत आहे, तिच्यासाठी मेंटेनर उत्तम. मुंबईतल्या सोसायटीच्या तळघरात त्यासाठी प्लग मिळणे ही वेगळी लढाई आहे. डॅशबोर्डवर ठेवायचे छोटे सोलर पॅनेल ऑनलाइन भरपूर विकले जातात. तळघरात, कव्हरखाली उभ्या असलेल्या गाडीत ते काहीही भरत नाहीत.